लॉकला कुंकू

अंबडच्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटरचा साहेब होतो, तिथं ड्रॉइंग ऑफिसात आठ कॉम्प्युटर होते आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर एकच विकत घेतलेलं होतं. बाकीच्या सात मशीनवर त्याचीच चोरलेली प्रत चालायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आम्हाला त्यात चोरी वगैरे काही वाटत नव्हतं. मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे मालक, सकाळी देवाला हात जोडल्याशिवाय केबिनमध्ये पाऊल टाकायचे नाहीत. एका ताटात आठ जण जेवले तर कोणाचं काय गेलं, असं ते म्हणायचे. मी हसायचो. मालकाच्या विनोदाला हसण्याचा पगार वेगळा मिळत नाही, पण पगारवाढ मिळते.

विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरबरोबर तेव्हा एक लॉक यायचं. काडेपेटीएवढं, राखाडी प्लास्टिकचं, एका तोंडाला बारीक पिना. कॉम्प्युटरच्या मागं प्रिंटरची वायर लावतात तिथं ते खोचायचं. सॉफ्टवेअर दर थोड्या वेळानं लॉकला विचारायचं, आहेस का? लॉक म्हणायचं, आहे. उत्तर आलं नाही की काम बंद. मुंबईहून आलेल्या एका फ्लॉपीत एक छोटा प्रोग्रॅम होता, तो लॉक नसतानाच ‘आहे’ म्हणायचा. तो मी सर्व्हरवर ठेवला होता. सात मशीन सकाळी सुरू झाली की नेटवर्कवरून तो उचलायची आणि दिवसभर खोटं बोलायची. माझं सगळं कौशल्य एवढंच. पण ते ऑफिसात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, त्यामुळे अठ्ठाविसाव्या वर्षी मला पन्नाशीची माणसं साहेब म्हणायची. ते मला फार आवडायचं.

खोट्या प्रतीत एक खोट होती. मोठं ड्रॉइंग उघडलं की ती मध्येच लटकायची आणि तासाभराचं काम पाण्यात जायचं. म्हणून मोठी ड्रॉइंग्ज ज्या मशीनवर व्हायची, खरं लॉक त्याच मशीनला लावलेलं असायचं, आणि त्या मशीनवर मामा बसायचे.

मामा आमच्याकडचे सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. मखमलाबादचे, फुलांची शेती करणाऱ्या घरातले. भाऊ झेंडू आणि शेवंती घेऊन रोज बाजारात बसायचे. हे एकटेच आयटीआय करून टेबल-खुर्चीला लागलेले. त्यांचं अक्षर बघत राहावं असं होतं. ड्रॉइंगवर लिहितात तशी उभी, सुटी, एका उंचीची अक्षरं. किराण्याची यादीसुद्धा ते तशीच लिहायचे.

कॉम्प्युटर आले तेव्हा ऑफिसात पाच ड्राफ्ट्समन होते. सहा महिन्यांत शिका, नाही तर स्टोअरला जा, असं मोठ्या साहेबांनी सांगितलं. तिघं स्टोअरला गेले, एकानं राजीनामा दिला. मामा शिकले. मीच शिकवलं, आणि कसं शिकवलं तेही सांगून टाकतो. माउसला बोट लागलं की ते हात मागं घ्यायचे. तेव्हा मी नव्या डिप्लोमावाल्या पोरापोरींसमोर मोठ्यानं विचारायचो, “मामा, चावतो का हो तो?” सगळे हसायचे. मामाही हसायचे आणि पुन्हा हात ठेवायचे. एकदा ते लॉक दाखवून मी त्यांना म्हणालो होतो की हा या मशीनचा जीव आहे, हा गेला तर मशीन गेलं आणि तुमची खुर्चीही गेली. त्यांनी ते डायरीत उतरवून घेतलं होतं. पहिल्याच पानावर, त्या सुंदर अक्षरात.

निवृत्तीला त्यांची चार वर्षं उरली होती. ती त्या खुर्चीत काढायची, याहून त्यांना जगाकडून काही नको होतं. परत शेतावर गेलो तर भावांच्या हाताखाली गोणपाटावर बसून फुलं विकावी लागतील, असं एकदा डबा खाताना ते म्हणाले होते. शिकलेला भाऊ म्हणून घरात त्यांचा जो मान होता तो त्या खुर्चीमुळे होता, आणि हे त्यांना माहीत होतं तसंच मलाही माहीत होतं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला नेहमीप्रमाणे सगळा कारखाना धुऊन पुसून काढला. लेथला हार, ड्रिलला हार, वजनकाट्यावर नारळ. ड्रॉइंग ऑफिससाठी मामा घरून टोपलीभर झेंडू आणायचे. माझा मात्र सक्त हुकूम होता की कॉम्प्युटरला हळदकुंकू लावायचं नाही, पाणी शिंपडायचं नाही, फार तर वर एक फूल ठेवायचं. मामांनी तो पाळला. मशीनला बोट लावलं नाही. पण त्यांच्या मनात आलं असणार की ड्रॉइंगचा फळा होता तेव्हा आपण टी-स्क्वेअर पुजायचो, पेनं पुजायचो. या मशीनचं हत्यार कुठलं? आणि जीव कशात आहे ते मीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी लॉक मागून काढलं, विड्याच्या पानावर ठेवलं, ओलं हळदकुंकू बोटानं नीट लावलं, अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि जिथलं तिथं परत खोचून टाकलं. कुंकू त्यांनी पिनांच्या बाजूला लावलं होतं. तोंडाची बाजू तीच, असं त्यांना वाटलं.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर मामा माझ्या टेबलाशी उभे. चेहरा उतरलेला, मुठीत लॉक.

“साहेब, लय घोळ झाला माझ्या हातून,” ते म्हणाले. “ह्याचा जीव गेला.”

पिनांमध्ये कुंकू वाळून बसलेलं होतं. मला हसू आलं, पण मी हसलो नाही. मी खुर्चीत मागं रेललो, लॉक उलटसुलट करून पाहिलं आणि मान हलवली. नवीन लॉक मिळत नाही, कंपनी पुन्हा सगळं सॉफ्टवेअर घ्यायला लावते, मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं तर तुमचं काही खरं नाही, असं सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. मग मी उदार झालो. बघतो काय करता येतं ते, पण कुणाला बोलायचं नाही, असं बजावून लॉक ड्रॉवरमध्ये टाकलं आणि त्यांच्या मशीनवरही तो खोटा प्रोग्रॅम चढवून दिला. त्यांनी माझे पाय धरायचेच बाकी ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामा वेळ होता म्हणून मी जुना टूथब्रश आणि फ्लॉपी ड्राइव्ह पुसायचं स्पिरिट घेऊन बसलो. दहा मिनिटांत पिना चकचकीत झाल्या. लॉक लावून पाहिलं तर पहिल्या झटक्यात चाललं. त्याला काहीही झालेलं नव्हतं. फक्त एका स्क्रूच्या खाचेत थोडा लाल रंग राहिला, तो निघाला नाही.

मी तेव्हाच उठून चार टेबलं पलीकडे जाऊन सांगायला हवं होतं. मला सांगायचं नव्हतं. याचं एक कारण सरळ आहे. कॅनडा कॉर्नरच्या दोन-तीन बिल्डरांचे प्लॅन मी घरी कॉम्प्युटरवर काढून द्यायचो, आणि माझ्या घरची चोरटी प्रतही मोठं ड्रॉइंग आलं की लटकायची. खरं लॉक आयतं हाताला लागलं होतं. दुसरं कारण तितकं सरळ नाही. तीस-पस्तीस वर्षं पेन्सिल चालवलेला माणूस माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला होता, आणि मला त्याची चटक लागली होती. संध्याकाळी लॉक माझ्या डब्याच्या पिशवीतून इंदिरानगरला घरी गेलं.

पुढचे सहा-सात महिने मी मामांना पुरवून पुरवून खाल्लं. त्यांना मी ‘पुजारी’ म्हणायला लागलो. आज कुणाला कुंकू लावलं, असं सगळ्यांसमोर विचारायचो. त्यामागचं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, पण हसायला कारण लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्या बिल्डरांचे प्लॅन त्यांच्याकडून काढून घ्यायचो. आमच्या घरच्या सत्यनारायणाला, बहिणीच्या साखरपुड्याला फुलं त्यांच्याकडून यायची. त्यांचं मशीन आता दिवसातून दोनदा लटकायचं. गेलेलं काम ते जेवण टाकून पुन्हा करायचे. एकदा विचारलं की असं का होतं, तर मी सांगितलं, “कुंकू आत गेलंय ना मामा, मशीन दमतं.” त्यांनी ते खरं मानलं. त्यानंतर ते मशीनशी हळू बोलायचे, मी ऐकलंय.

कोजागिरीला लोक वणीच्या गडावर पायी जातात. मामा तोवर कधी पायी गेले नव्हते, गुडघे दुखायचे. त्या वर्षी गेले. परत येऊन त्यांनी माझ्या टेबलावर कागदाच्या पुडीत प्रसाद ठेवला. देवीला लॉकसाठी नारळ बोलून आलोय, असं हळूच सांगितलं. तुमच्या हाताला यश येऊ दे म्हणून तुमच्या नावानंही हात जोडले, म्हणाले. मी पुडी सोडून पेढा तोंडात टाकला. लॉक तेव्हा माझ्या घरी, एका पाच मजली इमारतीचं ड्रॉइंग उघडून देत होतं.

थंडी संपता संपता मुंबई-पुण्याकडे कारखान्यांवर सॉफ्टवेअरवाल्यांचे छापे पडत असल्याच्या गोष्टी येऊ लागल्या. मोठे साहेब सावध झाले. त्यांनी वकिलाकडून एक इंग्रजी कागद लिहून आणला, ड्रॉइंग ऑफिसातल्या प्रत्येकानं सही करायचा. माझ्या मशीनवर विनापरवाना सॉफ्टवेअर असेल तर ते मी स्वतः, कंपनीला न कळवता टाकलं आहे आणि त्याला मीच जबाबदार आहे, असं त्यात होतं. तो टाइप मी केला, वाटला मी, आणि सह्या मी घेतल्या. डिप्लोमावाल्यांनी वाचून तोंडं वाकडी केली आणि सह्या केल्या. मामांना ड्रॉइंगवरचं इंग्रजी यायचं, वकिली इंग्रजी येत नव्हतं. काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. नेहमीचा कागद आहे, मशीन नीट वापरू म्हणून, मी म्हणालो. त्यांनी खाली नाव लिहिलं, उभ्या सुट्या अक्षरांत, पट्टी न घेता एका ओळीत.

उन्हाळ्यात एका सकाळी शेजारच्या कारखान्यातून मोठ्या साहेबांना फोन आला की मुंबईची माणसं तिथं आली आहेत, बरोबर कोर्टानं नेमलेला अधिकारी आहे, आणि पुढचा नंबर तुमचा दिसतो. मोठे साहेब धावत माझ्याकडे आले. सात मशीन साफ कर, सर्व्हर साफ कर, बिलावरचं एक मशीन ठेव, लॉक लावून दाखवू, असा हुकूम झाला. मी कामाला लागलो. सात मशीन पुसून झाली, सर्व्हर पुसला. आठव्याला हात लावणार एवढ्यात गेटवरून वर्दी आली. खरं तर वेळ होता. सुरुवातच आठव्यापासून केली असती तरी चाललं असतं. पण त्या मशीनवर मामा सकाळपासून एक मोठं ड्रॉइंग करत बसले होते आणि लॉकचं काय सांगायचं ते मला ठरवता येत नव्हतं, म्हणून मी ते शेवटाला ठेवलं.

आलेले तिघंही सभ्य होते. आवाज चढवला नाही, चहा घेतला. बिल पाहिलं. मग त्यांच्यातला एक जण मामांच्या मशीनमागं वाकला आणि सरळ झाला.

“याचं लॉक कुठं आहे?” त्यानं विचारलं.

मामा उभे राहिले. सगळ्या ऑफिससमोर, मोठ्या साहेबांसमोर त्यांनी आपलं पाप सांगितलं. “माझ्या हातून खराब झालं, साहेब. दसऱ्याला कुंकू लावलं मी त्याला. ते ह्या आमच्या साहेबांकडं दिलेलं हाय.”

सगळे माझ्याकडे वळले. स्कूटरची किल्ली माझ्या खिशात होती. इंदिरानगर पंधरा मिनिटांवर. लॉक आणून खोचलं असतं तर बिल होतं, लॉक होतं, मशीन होतं, सगळं रीतसर होतं. मग ते घरी काय करत होतं, एवढा एकच प्रश्न उरला असता, आणि तो मला विचारला गेला असता.

“माझ्याकडे काही दिलेलं नाही,” मी म्हणालो. “मला याची काही कल्पना नाही.”

मामांना वाटलं मी विसरलो. त्यांना खरंच तसं वाटलं. ते मला आठवण करून द्यायला लागले की अहो, दसऱ्यानंतर, तुम्ही ड्रॉवरमध्ये... आणि माझ्या तोंडाकडे बघून तिथंच थांबले. मग खाली बसले. मोठ्या साहेबांना कुंकवाची गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा कळत होती. पण ते धंद्यातले मुरलेले होते. त्यांनी एका मिनिटात फाइल मागवली आणि मामांच्या सहीचा कागद टेबलावर ठेवला.

कारखान्याचं पुढं मिटलं. आठही मशीनला रीतसर सॉफ्टवेअर घेतलं, आठ नवी लॉक आली, आणि दोषी माणसाला काढलं असं लिहून दिलं गेलं. मोठ्या साहेबांनी मामांना एक सवलत दिली: काढून टाकल्याचं पत्र नको असेल तर राजीनामा लिहा. मामांनी तो माझ्या टेबलाशी बसून लिहिला, कारण त्यांच्या मशीनला सील होतं. चार ओळींचा राजीनामा. तसा देखणा राजीनामा मी पुन्हा पाहिला नाही. जाताना त्यांनी खुर्ची पुसली, कॉम्प्युटरवर कव्हर घातलं आणि डायरी माझ्यापुढं ठेवली. नव्या माणसाला शिकायला उपयोगी पडेल, म्हणाले. ते गेटबाहेर गेल्यावर मी ती कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

मला वाईट वाटलं का, असं कोणी विचारलं तर खरं सांगतो: त्या दिवशी नाही. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं आणि संध्याकाळी मी पोटभर जेवलो. लॉक पुढं दोन वर्षं घरी चाललं. मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, तिला जुनं लॉक चालेना, आणि ते ड्रॉवरमध्ये पडलं. तोवर मी नोकरी सोडून स्वतःचं छोटं ऑफिस काढलं होतं. लोकांच्या कारखान्यांतली नेटवर्क सांभाळायचो आणि सॉफ्टवेअर विकतच घ्या असा उपदेशही करायचो. सौ चूहे खाके बिल्ली हज को चली, हे हिंदीवाल्यांनी माझ्यासाठीच म्हणून ठेवलंय.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, खंडेनवमीच्याच सकाळी, ऑफिससाठी झेंडू घ्यायला मी गोदाकाठच्या बाजारात गेलो होतो. गर्दी तुडुंब. भाव विचारायला एका गोणपाटासमोर वाकलो आणि वर पाहिलं तर मामा. केस पांढरेशुभ्र, अंगात बंडी. मी वळणार होतो, पण त्यांनी आधी पाहिलं.

“साहेब, वळखलं का?” ते म्हणाले आणि उठून उभे राहिले. मी बसा बसा म्हटलं तरी बसले नाहीत. माझी चौकशी केली. आईची केली, बहिणीच्या संसाराची केली. साखरपुड्याला दिलेली फुलं त्यांच्या लक्षात होती. पलीकडे तागडीवर बसलेल्या भावानं त्यांना दोनदा ओरडून गिऱ्हाईक बघायला सांगितलं, तेव्हा ते घाईघाईनं माझा झेंडू तोलायला लागले.

तोलता तोलता त्यांनी विचारलं, “ते लॉक सुधरलं का हो पुढं?”

एवढ्या वर्षांनी सांगायला काय जात होतं? काही जात नव्हतं. “नाही मामा,” मी म्हणालो. “ते गेलंच.”

त्यांनी मान हलवली. “तुम्ही तवा बोलला नाहीत ते बरंच केलंत. माझ्या चुकीपायी तुमची बी नोकरी गेली असती.”

मला तिथून निघायचं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. बाजारातल्या सगळ्या तराजूंना त्या दिवशी हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती. मामांचा तराजू कोरा होता. शेजारी गोणपाटावर, तराजूपासून हातभर लांब, एक झेंडूचं फूल ठेवलेलं होतं.

“पूजा नाही केली अजून?” मी विचारलं.

“झाली की. ते काय फूल,” मामा म्हणाले. “कुंकू नाय लावत मी. तवापासून कशालाच नाय. घरी पाण्याची मोटार हाय, सुनेचं शिलाई मशीन हाय, कुणाला बोट लावू देत नाय. माझा हात वाईट हाय, साहेब.”

त्यांनी फुलं पिशवीत ओतली, वरून ओंजळभर जास्तीची टाकली, आणि ऑफिसातल्या मशीनला फूल ठेवायचं ते लांबूनच ठेवा, असं मला बजावून सांगितलं. मी हो म्हणालो.